आधी बसा, मग पाना घ्या

वाचन : लूक 14:28-30, योहान 6:12-13



बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दृष्टान्त प्रभू येशूने सांगितला आहे. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो आणि मगच पाया घालतो. तसे न करणाऱ्याचे काम अर्धवट राहते आणि लोक त्याला हसतात. हा दृष्टान्त आम्ही मिस्सेत अनेकदा ऐकला होता. तो नीट कळला मात्र इंझोरीच्या आमच्या घरातल्या एका गळक्या नळामुळे.

न्हाणीतला नळ महिनाभर थेंब थेंब गळत होता. रोज आम्ही त्याची चावी थोडी जास्त आवळायचो. या नळाच्या आत रबराचा वायसर असतो. चावी फिरवली की तो खाली बसून पाण्याची वाट बंद करतो. वायसर झिजला किंवा कडक झाला की नळ गळू लागतो. अशा वेळी जोराने आवळले तर वायसर आणखी कापला जातो आणि तो जिथे बसतो ती पितळी कडाही खराब होते. म्हणजे महिनाभर आम्ही आमच्याच हाताने बिघाड वाढवत होतो.

एका शनिवारी संध्याकाळी चिडून पाना घेतला. टाकीचा कॉक बंद केला नाही, नवा वायसर आणला नाही. नळ निघेना म्हणून हिसका दिला, तर भिंतीतला प्लास्टिकचा एल्बोच फुटला. गच्चीवरचा कॉक घट्ट बसलेला. तो बंद होईपर्यंत सकाळी भरलेली टाकी जवळजवळ रिकामी झाली. नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. बॅटरी धरून उभ्या असलेल्या मुलावर आम्ही ओरडलो. त्याची काहीच चूक नव्हती.

शेजारचे काका नळाची कामे करतात. त्यांना बोलवायची लाज वाटत होती, तरी बोलावले. त्यांनी कशालाच हात लावला नाही. न्हाणीच्या दारात बसले, थोडा वेळ नुसते पाहत राहिले आणि मग काय सामान लागेल ते सांगितले. दृष्टान्तातला आधी बसणारा माणूस आमच्या समोर होता!

त्यांनी शिकवले ते असे :

1. आधी कॉक बंद करा आणि नळ उघडून पाईपमधले पाणी जाऊ द्या.
2. मोरीच्या भोकावर फडके ठेवा, म्हणजे स्क्रू वाहून जाणार नाही.
3. नळ एका हाताने घट्ट धरा, दुसऱ्या हाताने वरचा भाग सावकाश खोला.
4. जुना वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचा आणा.
5. नळ पाईपपासून सुटा केला असेल, तर टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने गुंडाळा.

एका थेंबासाठी एवढा खटाटोप कशाला? सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला 86,400 थेंब होतात. वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तरी दिवसाला चार लिटरहून अधिक आणि महिन्याला सुमारे 130 लिटर पाणी जाते. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाण्याचे माप ठरवले. म्हणजे दोन माणसांचा दिवसाचा वाटा गटारात! पाच भाकरींनी हजारोंना जेवू घालणाऱ्या प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करायला लावले. ज्याला काहीच कमी नव्हते, त्याने काही वाया जाऊ दिले नाही.

घरातली नातीही अशीच गळू लागतात. आपण आवाज चढवतो, धाक वाढवतो, चावी आणखी आवळतो. आतला वायसर कोणी पाहत नाही. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी ख्रिस्तसभा आपल्याला शांत बसून अंतःकरण तपासायला सांगते, ते याचसाठी. त्या रात्री आम्ही मुलाची क्षमा मागितली. नळ दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर काकांच्या मदतीने बसला. या वेळीही बॅटरी मुलानेच धरली.

चिंतनासाठी :
- माझ्या घरात काय बरेच दिवस गळत आहे?
- मदत मागायला मला कोणाची लाज वाटते?

प्रार्थना : हे प्रभो, आम्हांला आधी बसायला शिकव. रागाच्या भरात मोडलेले जोडायला धीर दे आणि तू दिलेल्या पाण्याचा प्रत्येक थेंब जपायला लाव. आमेन.