घोरणं थांबतं तेव्हा

अगं, तुझ्या नवऱ्याच्या घोरण्याचं मला एवढं काही वाटलं नाही. परवा चौबे कॉलनीत मंडळाच्या कार्यक्रमात तू ते सांगितलंस तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसले. पण नंतर तू हळूच म्हणालीस, "मध्येच आवाज बंद होतो ताई, आणि मग एकदम दचकून श्वास घेतात," ते काही डोक्यातून जाईना.

आवाज थांबला की आपल्याला हायसं वाटतं, पण नेमका तेव्हाच घसा मिटलेला असतो. झोपेत जिभेचे, टाळूचे स्नायू सैल पडतात आणि हवेची वाट बंद होते. छाती-पोट हलत राहतं, आत हवा मात्र जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदू क्षणभर जागं करतो. तोच तो दचकून घेतलेला श्वास. 10 सेकंद किंवा जास्त श्वास थांबला तर डॉक्टर त्याला ॲप्निया म्हणतात. श्वास अडण्याचे किंवा फार उथळ होण्याचे प्रकार तासाला 5 च्या आत असले तर काळजी नसते, 15 च्या पुढे मध्यम, 30 च्या पुढे तीव्र. 30 म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा! आणि सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. तेव्हा "मी तर मेल्यासारखा झोपलो होतो" हे त्यांचं म्हणणं पुरावा म्हणून धरू नकोस.

बप्पी लाहिरी 15 फेब्रुवारी 2022 ला मुंबईत गेले, तेव्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी झोपेतल्या या ॲप्नियाचंच कारण सांगितलं होतं. घाबरवायला नाही सांगत. पण गोळ्या घेऊनही त्यांचं बीपी उतरत नाही, सकाळी डोकं जड असतं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात, हे सगळं तूच मला वेगवेगळ्या वेळी सांगितलंयस. आता एकत्र मांडून बघ. आणि दुर्ग, राजनांदगाव ओलांडून पहाटे नागपूरला गाडी स्वतः चालवत नेतात ना? तपासणी होईपर्यंत ते बंद. ड्रायव्हर करा, रेल्वेने जा, काहीही करा.

आज रात्री मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ घे. रागावतील, रागावू दे. तो घेऊन छातीच्या डॉक्टरांना नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. टाटीबंधला एम्समध्ये दोन्ही विभाग आहेत. झोपेची तपासणी म्हणजे रात्रभर अंगाला तारा लावून श्वास, ऑक्सिजन, नाडी मोजतात, सुई-बिई काही नाही. तोवर संध्याकाळचा पेला बंद, आणि झोपेची गोळी आपल्या मनाने तर मुळीच नको. दोन्हींनी घसा आणखी ढिला पडतो. कुशीवर झोपवलंस तर थोडा फरक पडेल, वजन उतरलं तर जास्त.

उपचार म्हणून झोपताना लावायचं हवेचं मशीन लागलंच तर नाक मुरडू नका. मुखवटा लावला की हत्तीची सोंड दिसते खरी, पण त्यातून येणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, एवढंच त्याचं काम. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये ही युक्ती जगापुढे आणली.

तुझ्या सासूबाईंचं मात्र वेगळं असू शकतं. श्वास हळूहळू खोल होत जातो, मग उथळ होत होत थांबतो, पुन्हा तसंच, असं म्हणालीस ना? तिथे घशाचा दोष नसेलही. हृदय कमजोर असलं की असं होतं. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना हे शब्दशः असंच सांग. आणि तुझ्या शेजारणीचा तो सिकलसेलचा मुलगा तोंड उघडं टाकून घोरतो, तिलाही सांग. त्या आजारात रात्री ऑक्सिजन उतरणं फार वाईट, रक्तपेशी आणखी वाकड्या होतात. त्याचे टॉन्सिल्स दाखवायलाच हवेत.

आता तुझं. त्यांच्या घोरण्याला तू साक्षीदार आहेस, तुझ्या झोपेला कोण आहे? पाळी गेल्यावर बायकांमध्येही हे वाढतं, आणि आपलं घोरणं अनेकदा एवढं मोठं नसतं. नुसतं थकलेलं वाटतं, झोप तुटते, चिडचिड होते, आणि लोक म्हणतात, "वय झालं." तुझं थायरॉइडही आहे. पुढच्या आठवड्यात आई येतेय ना? एक रात्र तिला तुझ्याजवळ झोपव आणि सकाळी विचार. तिची झोप सावध आहे, नीट सांगेल.