गमशील्ड : स्वतः उकळलेले की दंतवैद्यांनी केलेले?

गेल्या वर्षी हाऊस बॉक्सिंगच्या आधी मी दुकानातून २०० रुपयांचे गमशील्ड आणले. सूचनांचा कागद कोण वाचतो? मेसमधून मगभर उकळते पाणी घेतले, त्यात ते टाकले आणि मित्रांशी गप्पा मारत बसलो. बाहेर काढले तेव्हा ते लिबलिबीत झाले होते. घट्ट बसावे म्हणून सगळा जोर लावून चावले. सरावात हनुवटीखाली अपरकट बसला, दातांवर दात आपटले आणि वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. गमशील्ड तोंडातच होते!

सुट्टीत आई दंतवैद्यांकडे घेऊन गेली. डॉक्टरकाकांनी गमशील्ड उजेडासमोर धरले. जिथे मी चावलो होतो तिथे ते कागदाएवढे पातळ झाले होते. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला नवीन होती. दुकानातले आणि त्यांच्याकडचे, दोन्ही बहुधा ईव्हीए नावाच्या एकाच प्लॅस्टिकचे असतात. फरक साच्याचा आणि जाडीचा. ते दातांचे माप घेऊन प्लॅस्टरचा जबडा करतात आणि तापवलेला पत्रा त्यावर व्हॅक्युमने बसवतात. मारामारीच्या खेळांसाठी दोन थर दाबून एकजीव करतात. कुठे किती जाडी राहिली ते मोजता येते; साधारण ३ ते ४ मिलिमीटर हवी. प्लॅस्टरचे दात माझ्यासारखे जोरात चावत नाहीत, हे त्यांचे वाक्य आईला फार आवडले.

माझे नवे गमशील्ड ३,००० रुपयांना पडले. सगळ्यांनी तेच घ्यावे असे मी म्हणणार नाही. आमचे जबडे अजून वाढताहेत, दोन वर्षांनी ते बसेलच असे नाही. वर्षातून एकदाच रिंगमध्ये उतरणाऱ्याला दुकानातले चालेल, पण ते नीट करावे. पाकिटावर लिहिलेले सेकंद घड्याळ लावून मोजा. हलकेच चावा, ओठ आणि गाल बाहेरून दाबा, जीभ टाळूला लावा, मग थंड पाणी. पातळ झाले तर टाकून द्या. दातांना तारा असतील तर मात्र स्वतः उकळू नका, तो चिकटपणा तारांत अडकतो, दंतवैद्यांनाच विचारा. हौशी बॉक्सिंगमध्ये लाल रंग चालत नाही, रक्त दिसत नाही म्हणून. आणि डोक्याला बसणारा हादरा कोणतेही गमशील्ड थांबवेल, अशी खात्री डॉक्टरकाकांनी दिली नाही.

अख्खा दात निघालाच तर मूळ धरू नका, दुधात टाका आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा. दूध मेसमध्ये असतेच.

यंदा उस्ताद सरावाआधी प्रत्येकाला तोंड उघडायला लावतात. दात न आवळता गमशील्ड वर टिकले पाहिजे. मग स्वतःचा रोल नंबर मोठ्याने सांगायचा. पहिल्या दिवशी आमच्या हाऊसचे चार जण परत पाठवले गेले.