रक्ताची फेरी



गोदावरीच्या तीरी नाशिकरोडच्या पूर्वेस एकलहरे हे आमचे गाव आहे. येथे येणाऱ्यास दुरूनच औष्णिक वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागतात. त्या केंद्राचा पहिला संच १९७० साली चालू झाला. तो आता बंद पडला असून २१० मेगावॉटचे तीन संच उरले आहेत. पुष्कळांची अशी समजूत आहे की, नदीचे पाणी आत जाते, त्याची वाफ होते आणि ती वाफ चाक फिरवून आकाशात निघून जाते. परंतु तेथील कामगारास विचारिले तर तो सांगेल की, तसे नाही. बॉयलरातील पाण्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरविते, पुढे कंडेन्सर नावाच्या पात्रात ती थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते, आणि पंप ते पाणी पुन्हा बॉयलरात लोटतो. थोडीबहुत घट भरून काढावी लागते, एरवी तेच पाणी रात्रंदिवस फिरत असते. नदीचे पाणी कंडेन्सरातील नळ्यांमधून वाहते व उष्णता घेऊन जाते. दोन्ही पाण्यांमध्ये नळीची पातळ भिंत असते. तीतून उष्णता जाते, पाणी मात्र मिसळत नाही.

या दृष्टांतातील दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या: तेच पाणी फिरून येते, आणि देवघेव पातळ भिंतीतून होते. आपल्या रक्ताचेही असेच आहे.

१. रक्त खर्च होते की फिरते?

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याचे म्हणणे असे होते की, अन्नापासून यकृतात रक्त तयार होते आणि शरीर ते वापरून संपविते. सुमारे चौदाशे वर्षे विद्वानांनी हेच खरे मानिले. पुढे इंग्लंडातील वैद्य विल्यम हार्वी याने १६२८ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि साध्या हिशेबाने ती समजूत खोडून काढली. तो हिशेब आपणही करून पाहू. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे हृदय मिनिटास सुमारे ७० ठोके देते आणि दर ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर लोटते. म्हणजे मिनिटास जवळजवळ ५ लिटर झाले. तासास ३०० लिटर, म्हणजे १५ लिटरांचे वीस हंडे! शरीरात तर सगळे मिळून रक्त सुमारे पाचच लिटर असते. वीस हंडे रक्त तासाभरात नवे तयार होईल इतके अन्न कोण खातो? तेव्हा रक्त संपत नाही, तेच फिरून येते, याशिवाय दुसरे उत्तर नाही. स्वस्थ असता एका मिनिटाच्या सुमारास रक्ताची एक फेरी पुरी होते.

२. फेरीचा मार्ग

हृदय साधारण आपल्या मुठीएवढे असते. त्यात चार कप्पे आहेत. वरचे दोन रक्त घेतात, त्यांस कर्णिका म्हणतात. खालचे दोन रक्त लोटतात, त्यांस जवनिका म्हणतात. शाळेच्या पुस्तकांत त्यांसच अलिंद व निलय अशीही नावे आहेत. उजव्या व डाव्या बाजूंमध्ये मांसाचा पडदा आहे, म्हणून हृदय एक असले तरी पंप दोन आहेत, असे समजावे.

साऱ्या शरीरातून आलेले काळसर रक्त उजव्या कर्णिकेत येते, तेथून उजव्या जवनिकेत उतरते आणि ती ते फुप्फुसांकडे धाडते. फुप्फुसांत हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या आहेत आणि त्यांच्याभोवती केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांचे जाळे आहे. हवा एका बाजूस, रक्त दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये केसाच्या जाडीच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढा पडदा. त्या पडद्यातून प्राणवायू रक्तात येतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर जातो. तांबडे झालेले रक्त डाव्या कर्णिकेत परत येते, डाव्या जवनिकेत उतरते, आणि ती ते महारोहिणीवाटे मस्तकापासून तळपायापर्यंत पोचविते. तेथे पुन्हा केशवाहिन्यांच्या भिंतींतून प्राणवायू व पोषण दिले जाते, टाकाऊ द्रव्य घेतले जाते, आणि नीलांवाटे रक्त उजव्या बाजूस परत येते.

खाटकाकडून बकऱ्याचे हृदय आणून चिरून पाहिले तर डाव्या जवनिकेची भिंत उजवीहून कितीतरी जाड दिसेल. उजवीस जवळच्या फुप्फुसांपुरतेच लोटावयाचे असते. डावीस मात्र सबंध शरीरभर लोटावे लागते.

काळसर रक्तास कोणी ‘अशुद्ध’ म्हणतात. ते घाण झालेले असते असे नव्हे. त्यातील प्राणवायू कमी झालेला असतो, इतकेच. ते तुंबडी लावून काढून टाकणे व्यर्थ आहे, कारण पुढच्याच श्वासास फुप्फुसे ते काम करणारच असतात.

३. चार दरवाजे

रक्त एकाच दिशेने जावे म्हणून हृदयात चार झडपा आहेत. नीलांमध्येही लहान झडपा असतात. त्यांची परीक्षा घरीच करता येते. हात खाली लोंबता सोडा, म्हणजे कोपराखालच्या नीला फुगतील. एका फुगलेल्या नीलेवर मनगटाकडील बाजूस एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तेथून कोपराकडे रक्त निपटत न्या. आता दुसरे बोट उचलले तरी रक्त वरून खाली परतत नाही, कारण मध्ये झडप मिटलेली आहे. पहिले बोट उचलताच नीला खालच्या बाजूने भरते. हार्वीने आपल्या पुस्तकात अशीच परीक्षा चित्रांसह दिली आहे.

४. एक दरवाजा अडला तर

फेरी अखंड असल्यामुळे एका ठिकाणची अडचण दुसरीकडे दिसून येते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप आकसली, तर रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि धाप लागते. अडचण आणखी मागे सरकली, म्हणजे उजवी बाजू थकते आणि पाय सुजतात. लोक पायांस लेप लावीत बसतात. दुखणे मात्र झडपेचे असते.

ही झडप बहुधा लहानपणीच बिघडते. ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा घसा एका जातीच्या जंतूंमुळे सुजतो. उपचार न झाल्यास काही मुलांस दोनतीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे दुखतात. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट. सांधे बरे होतात, परंतु झडपांस इजा राहून जाते, आणि ताप पुन्हा पुन्हा उलटला तर ती वाढते.

येथे माझी एक चूक सांगणे मला भाग आहे. शेजारच्या वाडीतील एका मुलीस हे दुखणे होते. डॉक्टरांनी तिला नियमाने पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावयास सांगितले होते. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा सोयऱ्यांस कळू नये म्हणून घरच्यांनी इंजेक्शने बंद केली. मला हे ठाऊक होते, आणि स्थळ मोडेल या भीतीने मीही गप्प राहिलो. गरोदरपणी शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते, आणि ते सारे त्याच अरुंद दारातून जावे लागते. सातव्या महिन्यात एका रात्री तिला आडवे होता येईना. उशीला टेकून बसून ती श्वास ओढीत होती. रुग्णालयात ती वाचली. बाळ वाचले नाही.

५. काय करावे

मुलास ताप असून घसा लाल झाला व गिळताना दुखू लागले, तर केवळ गुळण्यांवर न थांबता डॉक्टरांस दाखवावे, आणि त्यांनी दिलेले औषध सांगितले तितके दिवस पुरे द्यावे. तापाबरोबर सांधेदुखी एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत असेल, तर ‘वाढत्या वयाचे दुखणे’ म्हणून सोडू नये. झडपेचा रोग ठरल्यास तीन किंवा चार आठवड्यांनी मिळणारे इंजेक्शन, मूल बरे दिसत असले तरी, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चुकवू नये. मुलगी असेल तर लग्नापूर्वी दोन्ही घरांत हे स्पष्ट सांगावे, आणि दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आकसलेली झडप आज फुग्याने रुंद करता येते, फार बिघडलेली बदलताही येते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली भारतीय कृत्रिम झडप १९९० साली प्रथम बसविण्यात आली. परंतु वेळेवर घेतलेले औषध या सर्वांहून स्वस्त व सोपे आहे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. रक्त खर्च होत नाही, फिरते, हे हार्वीने कोणत्या हिशेबाने दाखविले?
२. फुप्फुसांत हवा व रक्त न मिसळता देवघेव कशी होते?
३. डाव्या जवनिकेची भिंत जाड का असते?
४. पाय सुजण्याचे कारण हृदयात असू शकते, ते कसे?
५. आपल्या गावात इंजेक्शने अर्धवट सोडलेले कोणी मूल आहे काय? असल्यास या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?