गोठवलेले देह आणि कायम निधी

अमेरिकेत काही संस्था मृतदेह उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपतात. भावी विज्ञान त्यांना उठवील, ही आशा. तसे आजवर घडलेले नाही. पण त्यांचा हिशेब पाहण्याजोगा आहे. नायट्रोजन सतत उडून जातो, भरत राहावा लागतो. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ येथे सारी भिस्त नातेवाइकांच्या पैशांवर होती. पैसे थांबले, देह वितळले. १९७९ मध्ये ते उघडकीस आले. १९७२ साली स्थापन झालेली अल्कोर संस्था रक्कम आधीच ठरवून घेते व १९९७ पासून जतनाचा पैसा वेगळ्या न्यासात ठेवते. सभासद वाढले की वर्गणी वाढते, तशी शतकांची जबाबदारीही! विश्वस्त मंडळींना हे वेगळे सांगायला नको. १९६७ साली गोठवलेला जेम्स बेडफर्ड यांचा देह आज अल्कोरकडेच आहे.