हुंडी आणि मनीऑर्डर

राजापूर हे रत्नागिरी जिल्ह्यातील जुने बंदर. सतराव्या शतकात इंग्रजांनी तेथे वखार घातली होती. त्या काळी मोठे व्यापारी रोख रकमेऐवजी हुंडी पाठवीत. हुंडी म्हणजे पैसे देण्याविषयीची चिठ्ठी. शहाजोग हुंडीचे पैसे पतदार माणसालाच मिळत. त्यामुळे ती चोरूनही चोराच्या हाती काही लागत नसे.

गरीब शेतकऱ्याची पत मात्र त्याची जमीन. सावकाराचे कर्ज फिटले नाही, तर तीही जाई. पुढे पुष्कळ माणसे मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेली. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. मग पोस्टमन दारी येऊन पैसे देऊ लागला. त्या पैशांवर घर चाले, कर्ज फिटे, मुलांचे शिक्षण होई. हुंडी असो वा मनीऑर्डर, दोहोंचा पाया एकच : विश्वास.