सही केलीस का?

सांगली

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

परवा माधवरावांचा धाकटा भेटला. म्हणाला, तुमच्या हिंजवडीच्या ऑफिसात एकेकाला खोलीत बोलावून राजीनामा लिहून घेताहेत आणि यादीत तुझंही नाव आहे. बाकी राहू दे, आधी सांग, सही केलीस का?

नसशील केली तर करू नकोस. ‘घरी विचारून सांगतो’ म्हण आणि ऊठ. काय सांगायचं ते ईमेलवर द्या म्हणावं. सप्टेंबरात तुला ५ वर्षं पुरी होतात; ग्रॅच्युइटी त्यानंतरच लागू होते, वर्षामागे १५ दिवसांचा पगार. एवढा शिकलेला तू, हे मामाने सांगावं? गेल्या दिवाळीत नोटीस पीरियड किती विचारलं, तर हसलास!

एआयमुळे माणसं नकोत, असं कारण देतात म्हणे. बँकेत लेजर पोस्टिंगची मशिनं आली तेव्हा आम्हीही गेटवर घोषणा दिल्या. बॅलन्सिंगमधला दहा पैशांचा फरक शोधत रात्री दहापर्यंत बसणारे आम्ही, आता खाणार काय? आमच्या शाखेत मशिनापायी कुणी घरी गेलं नाही. माणसं गेली ती पुढे, २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये. देशभरातून लाखावर. त्यांना निदान वर्षामागे ६० दिवसांचा पगार, पाठीशी युनियन. तरी आमचे हेडकॅशियर अर्ज देऊन आले, ते घरी सांगेनात. रोज डबा घेऊन निघायचे आणि बागेत बसायचे. मला ठाऊक होतं. जाऊन शेजारी बसावं, एवढंही तेव्हा सुचलं नाही. म्हणून पुन्हा विचारतो, सही केलीस का?

रागावलो, मनावर घेऊ नकोस. केली असलीस तर केलीस. कुणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे. वाकडच्या फ्लॅटचे चार-सहा हप्ते मी बघेन. पेन्शन आहे, आम्हां दोघांना खर्च तो काय? फक्त नोकरी नसताना बॅग अडकवून घराबाहेर पडत जाऊ नकोस. आईला सांगवत नसेल तर मी सांगतो. दहावीचे गणिताचे मार्क तरी तिला कोणी सांगितले होते?

शुक्रवारची एसटी धरून ये. नोकरीचं बोललंच पाहिजे असं नाही. चार दिवस झोप काढ, मामी उठवणार नाही आणि मी तिला उठवू देणार नाही.

तुझा,
मामा