तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर उतरल्यास

जुन्या ट्रॅक्टरवर काम चालू असता तेलाच्या दाबाचा काटा एकाएकी खाली येतो. अशा वेळी ‘मापकच बिघडले असावे’ असे म्हणून नांगरट पुरी करण्याकडे चालकाचा कल असतो. तसे मुळीच करू नये. क्रँकशाफ्ट व बेअरिंग यांमधील तेलाचा थर नाहीसा झाल्यास इंजिन थोड्याच वेळात धरते. म्हणून यंत्र प्रथम थांबवावे. दोष काट्याचा की तेलाचा, हे मागाहून पाहावे.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून दहा मिनिटांनी डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी गेले आहे. पातळ होऊन डिझेलचा वास येत असल्यास इंधन मिसळले आहे. दोन्ही प्रसंगी कारण शोधून तेल बदलल्याखेरीज इंजिन चालवू नये.

तेल ठीक असेल तर मापकाकडे वळावे. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत बारीक नळीने तेल थेट मापकापर्यंत येते. आतील वाकलेली पोकळ नळी दाबाने सरळ होऊ पाहते व काटा फिरविते. बूर्दाँ या फ्रेंच यंत्रज्ञाने १८४९ मध्ये हिचे पेटंट घेतले. इंजिन थंड झाल्यावर मापकामागील नट किंचित सैल करावा, खाली डबा धरावा व सोबत्याकरवी इंजिन केवळ काही क्षण चालवावे. तेल आले तर नळी मोकळी आहे. परंतु तेवढ्यावरून दाब पुरेसा आहे असे ठरत नाही. खात्रीचे दुसरे मापक लावून ताडून पाहावे, मगच जुने टाकावे. तेल न आल्यास नळी इंजिनाकडील टोकाशी सोडून हीच परीक्षा करावी. तेथे तेल आले तर नळी चेपली वा तुंबली आहे. तेथेही न आल्यास पंप, जाळी किंवा दाबनियंत्रक झडप यांत दोष संभवतो. इंजिन पुन्हा चालू न करता मिस्त्रीस बोलवावे.

मापक विजेवर चालणारे असल्यास इंजिन बंद ठेवून स्विच चालू करावा. इंजिनावरील सेंडरची तार काढून ती क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूस टेकवावी. तार मोकळी असताना व टेकविली असताना काट्याच्या जागेत फरक पडला, तर तार व मापक बहुधा शाबूत असून सेंडर संशयास्पद ठरतो. फरक न पडल्यास फ्यूज व जोडण्या तपासाव्यात.

इंजिन तापल्यावर मंद गतीत दाब काहीसा उतरतो, तो दोष नव्हे. किती उतरावा हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे. याउलट नळीच्या मापकाचा काटा इंजिन बंद असतानाही मध्यावर उभा राहिला, तर तो अधिक फसवा होय. रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तो शून्यावर आहे ना, हे पाहून घ्यावे.